गेलेल्या मित्राचा उपकार

संकटात पाठीशी उभा राहिलेला मित्र मरण पावला की त्याच्या उपकाराचे काय होते, हा प्रश्न धर्मविचारात स्वतंत्रपणे फारसा मांडला गेलेला नाही. आईबाप, गुरू, देव आणि राजा यांच्याविषयीच्या कर्तव्यांवर शास्त्रांनी पानेच्या पाने खर्ची घातली. मित्राच्या वाट्याला यादीतली अखेरची जागा आली. त्याचे कारण उघड आहे. बापाचे ऋण मुलाला जन्मापासून असते आणि ते फेडण्याचे ठरीव मार्ग असतात. मित्र मात्र कुठल्याही नात्याने बांधलेला नसतो. त्याने मदत केली नसती तरी त्याला कोणी नावे ठेवली नसती. म्हणूनच ती मदत मोठी वाटते, आणि मित्र गेल्यावर ती कुठे परत करायची हे उमगत नाही.

कोल्हापूरच्या शिवाजी पेठेत हा प्रश्न पुस्तकातून येत नाही, दारातून येतो. रंकाळ्याच्या पूर्वेला वसलेल्या या जुन्या पेठेत घरात मयत झाली की पहिली धाव अनेकदा रक्ताच्या नातेवाइकांची नसते. गल्लीतल्या आणि तालमीतल्या पोरांची असते. खंडोबा तालीम, फिरंगाई तालीम, वेताळमाळ तालीम, शिवाजी तरुण मंडळ ही नावे बाहेरच्यांना कुस्ती, फुटबॉल आणि गणपतीमुळे माहीत असतात. पेठेतल्या घरांना ती आणखी एका कारणाने माहीत असतात. डॉक्टरचा दाखला, तिरडीचे बांबू, मडके, पांढरे कापड, शववाहिका, परगावच्या पाहुण्यांना फोन, ही सगळी धावपळ घरच्यांना काही सुचत नसताना कोणीतरी उरकलेली असते. पंचगंगेच्या स्मशानभूमीत महापालिका अंत्यसंस्काराचे पैसे घेत नाही आणि होळीच्या सुमारास अनेक मंडळे शेणी जमवून तिथे पोचवतात. या व्यवस्थेत उपकाराची पावती कोणी देत नाही, कोणी मागतही नाही. पण काही वर्षांनी त्या धावणाऱ्यांपैकीच एखादा जातो, आणि ज्याच्या घरी तो धावून आला होता त्याला कळते की आपण त्याला कधी काही बोललोच नाही.

वैदिक विचारात माणूस ऋणासह जन्मतो. तैत्तिरीय संहितेने तीन ऋणे सांगितली: ब्रह्मचर्याने ऋषींचे, यज्ञाने देवांचे आणि संततीने पितरांचे ऋण फिटते. शतपथ ब्राह्मणाने त्यात चौथे घातले, माणसांचे ऋण, आणि ते फेडण्याचा मार्ग म्हणून माणसांना आसरा व अन्न देणे सांगितले. ही चौथी भर महत्त्वाची आहे, कारण पहिल्या तिन्ही ऋणांत देणेकरी आणि घेणेकरी ठरलेले असतात. माणसांच्या ऋणात तसे नाही. ज्याने आसरा दिला त्यालाच परत आसरा द्यावा असे तिथे म्हटलेले नाही. जो दारात येईल त्याला द्यायचे. मित्राच्या उपकाराला शास्त्रात कुठे घर शोधायचे झालेच, तर ते या चौथ्या ऋणात सापडते. पुढच्या परंपरेत मात्र त्रिऋणाचीच चर्चा अधिक झाली आणि चौथे मागे पडले. ही चूक लहान नव्हती.

व्यवहारातल्या कर्जाबाबत धर्मशास्त्र अधिक स्पष्ट आहे. धनको मेला की देणे त्याच्या वारसांकडे जाते. नारदस्मृती त्याही पुढे जाते: ब्राह्मण धनको निपुत्रिक गेला तर रक्कम त्याच्या कुळातल्यांना द्यावी, ते नसतील तर इतर ब्राह्मणांना, आणि तेही नसतील तर पाण्यात टाकावी. पाण्यात टाकलेल्या पैशाने कोणाचेच भले होत नाही. तरीही स्मृतिकाराला ते मान्य आहे, कारण त्याच्या लेखी मुद्दा घेणाऱ्याच्या फायद्याचा नसून देणाऱ्याच्या सुटकेचा आहे. इथेच ऋण आणि उपकार यांच्या वाटा फुटतात. कर्जातून सुटायचे असते. मित्राच्या उपकारातून सुटावे असे कोणाला वाटत नाही, आणि ज्याला वाटते त्याने तो उपकार म्हणून घेतलेलाच नसतो.

तरी विधींमध्ये मित्राला जागा आहे. भाद्रपद वद्य पक्षात घातल्या जाणाऱ्या महालयात, म्हणजे पेठेच्या बोलीत म्हाळात, पितृत्रयी आणि मातृत्रयीनंतर बायको, मुलगा, चुलते, मामा, मावश्या, आत्या, सासरे यांची नावे घेत घेत यादी गुरू, शिष्य, आप्त आणि मित्र यांच्यापर्यंत पोचते. नाव आणि गोत्र उच्चारून पिंड किंवा तिलोदक द्यायचे. गोत्र ठाऊक नसेल तर काश्यप गोत्र धरायचे. मित्राच्या बाबतीत ही सोय फार उपयोगी पडते, कारण वर्षानुवर्षे एका कट्ट्यावर बसणाऱ्यांना एकमेकांचे गोत्र माहीत असण्याची शक्यता कमीच. या यादीत आलेला मित्र सपिंड नसतो, वारस नसतो, त्याच्या जातीचाही उल्लेख होत नाही. काटेकोर नात्यांच्या त्या चौकटीत एवढी एक फट ठेवलेली आहे. पण विधी मित्राचे नाव घेतो, त्याने काय केले ते विचारत नाही. मध्यरात्री दवाखान्यात रक्त देणारा आणि केवळ रोज चहाला भेटणारा, दोघांनाही सारखेच पाणी मिळते.

पंचगंगेच्या काठी आणखी एक प्रसंग घडतो, आणि त्याला पोथीपेक्षा लोकाचाराचा आधार अधिक आहे. कोल्हापुरातल्या निधनवार्तेत रक्षाविसर्जनाचा वार आणि वेळ आवर्जून दिलेली असते. त्या सकाळी राख सावडली जाते आणि मृताच्या आवडीचा नैवेद्य ठेवून सगळे कावळ्याची वाट पाहतात. कावळा शिवला नाही तर मृताची काही इच्छा राहिली असे धरले जाते, आणि जमलेल्यांपैकी एकेक जण पुढे होऊन बोलू लागतो: पोरीचे लग्न करून देऊ, घराची वाटणी नीट करू, म्हातारीकडे बघू. नातेवाइकांचे बोलणे संपले आणि तरी कावळा आला नाही की मग एखाद्या मित्राला पुढे करतात, कारण मनातले त्याला ठाऊक असणार असा सर्वांचा समज असतो. मृताला उद्देशून, चार लोकांच्या समक्ष, मित्र शब्द देतो. कावळा त्यानंतर शिवला तर योगायोग म्हणावा की आणखी काही, हा वाद बाजूला ठेवता येतो. शेवटी दर्भाचा कावळा करून वेळ निभावण्याची सोय आहेच. तत्त्वज्ञानाच्या दृष्टीने लक्षात घेण्यासारखे आहे ते दिलेले वचन. ज्याला वचन दिले तो ते मोडले म्हणून जाब विचारू शकत नाही. वचन मोडणाऱ्याला अडवणारे साक्षीदार मात्र भोवती उभे असतात. मृताविषयीचे कर्तव्य टिकते ते या साक्षीदारांमुळे. पेठेत असे वचन मोडलेल्याची आठवण लोक बरीच वर्षे ठेवतात.

या सगळ्या विधींवर कोल्हापुरातच मोठा आक्षेप घेतला गेला. १८९९ च्या कार्तिकात पंचगंगेवरच्या स्नानाच्या वेळी छत्रपती शाहू महाराजांसाठी वेदोक्तांऐवजी पुराणोक्त मंत्र म्हटले जात असल्याचे उघड झाले आणि वेदोक्त प्रकरण पेटले. वाद मंत्रांचा दिसत होता; खरा प्रश्न धर्मविधीत कोणाचा दर्जा काय, हा होता. १९११ मध्ये कोल्हापुरात सत्यशोधक समाजाची स्थापना झाली आणि भटजीशिवाय लग्ने व उत्तरकार्ये होऊ लागली. भास्करराव जाधव यांनी त्यासाठी ‘घरचा पुरोहित’ लिहिले. महात्मा फुल्यांपासून चालत आलेला सत्यशोधकांचा मुद्दा साधा होता: मेलेल्याला मधल्या माणसामार्फत अन्न पोचत नाही, पोचते ते मधल्याच्या पोटात. हा मुद्दा मान्य केला की मृताच्या उपकाराची परतफेड विधीने होते ही समजूत ढासळते, आणि प्रश्न पुन्हा मोकळा होतो. पाणी आणि पिंड वगळले तर उरते काय? सत्यशोधकांनी याचे उत्तर ग्रंथात दिले नाही. कोल्हापुरात ते एका माणसाने कृतीने दिले.

गंगाराम कांबळे हे छत्रपतींच्या पागेत मोतद्दार होते. हौदाच्या पाण्याला शिवल्याच्या रागातून पागेतल्या सवर्ण नोकरांनी त्यांना बेदम मारले. शाहू महाराज त्या वेळी कोल्हापुराबाहेर होते. ते परतल्यावर गंगारामांनी त्यांच्यासमोर आपली पाठ उघडी केली. मारणाऱ्यांना शिक्षा झाली. पण शिक्षेने मार खाल्लेल्याचे पोट भरत नाही आणि त्याची भीतीही जात नाही. शाहूंनी गंगारामांना नोकरीच्या जाचातून सोडवून स्वतंत्र धंदा काढायला लावला. भाऊसिंगजी रस्त्यावर ‘सत्यसुधारक हॉटेल’ सुरू झाले. अस्पृश्याच्या हातचा चहा कोण पिणार, हा प्रश्न होता. महाराज स्वतः गाडी थांबवून तिथला चहा घेत आणि बरोबरच्या मानकऱ्यांनाही पाजत. राजाने घेतलेला पेला नाकारण्याची सोय मानकऱ्यांना नव्हती. सार्वजनिक विहिरी, धर्मशाळा आणि शाळा अस्पृश्यांना खुल्या करणारा हुकूम शाहूंनी १९१९ मध्ये काढला. हॉटेलातला चहा हे त्याच धोरणाचे सगळ्यात लहान आणि कदाचित सगळ्यात परिणामकारक रूप होते. हुकूम कागदावर राहू शकतो, चहा घशाखाली उतरतो.

शाहू महाराज ६ मे १९२२ रोजी मुंबईत वारले, तेव्हा त्यांचे वय ४७ होते. १९२५ मध्ये गंगाराम कांबळे यांनी पुढाकार घेऊन कोल्हापुरात नर्सरी बागेत त्यांचे स्मारक उभारले. शाहूंचे ते पहिले स्मारक मानले जाते. दरबार होता, संस्थान होते, सरदार आणि जहागीरदार होते, शाहूंनी सुरू केलेल्या वसतिगृहांतून शिकून वर आलेले वकील आणि अंमलदार होते. पहिला दगड बसवला तो हॉटेलवाल्याने.

राजा आणि मोतद्दार यांच्यातल्या या नात्याला मैत्री म्हणावे का, असा आक्षेप येऊ शकतो. ॲरिस्टॉटलने ‘निकोमाखीय नीतिशास्त्रा’त असमानांच्या मैत्रीचा विचार केला आहे. त्याच्या मते अशा मैत्रीत वरच्याला मान मिळतो आणि खालच्याला मदत, आणि हिशेब तिथे जुळतो. याच ग्रंथाच्या नवव्या भागात तो एक बोचरे निरीक्षण नोंदवतो: उपकार करणारा उपकार घेणाऱ्यावर जेवढे प्रेम करतो तेवढे घेणारा करणाऱ्यावर करत नाही. लोक याची तुलना सावकार आणि कुळाशी करतात, पण ॲरिस्टॉटलला ती पटत नाही. कारागिराला जशी आपण घडवलेली वस्तू प्रिय असते तसा उपकारकर्त्याला उपकृत प्रिय असतो, असे तो म्हणतो. घेणाऱ्याकडे घडवलेले असे काही नसते, म्हणून त्याचे प्रेम पातळ पडते. नर्सरी बागेतले स्मारक या निरीक्षणाला छेद देते. गंगारामांनी स्वतः काहीतरी घडवले, आणि त्यामुळे घेणाऱ्याची जागा सोडून ते करणाऱ्याच्या जागी आले. शिवाय ॲरिस्टॉटलच्या हिशेबातला मान मित्र जिवंत असताना द्यायचा असतो, कारण मान घेणाऱ्याकडून पुढच्या मदतीची आशा असते. मेलेल्या राजाकडून हॉटेलवाल्याला मिळण्यासारखे काही उरले नव्हते. असमान मैत्रीतली स्वार्थाची शंका मृत्यूने फिटते.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या बाबतीत तर मित्र हा शब्द त्यांनी स्वतःच वापरला. ३१ जानेवारी १९२० रोजी निघालेल्या ‘मूकनायक’साठी शाहूंनी अडीच हजार रुपये दिले होते. त्याच वर्षी मार्चमध्ये माणगाव परिषदेत अस्पृश्यांना त्यांचा खरा पुढारी मिळाला असे शाहूंनी जाहीरपणे सांगितले, आणि लंडनमधल्या अर्धवट राहिलेल्या शिक्षणासाठीही त्यांची मदत झाली. शाहूंच्या निधनाची बातमी आंबेडकरांना लंडनमध्ये वर्तमानपत्रातून कळली. शाहूंचे पुत्र राजाराम महाराजांना पाठवलेल्या सांत्वनपत्रात त्यांनी आपले दुःख दुहेरी असल्याचे लिहिले: आपला व्यक्तिगत मित्र गेला आणि अस्पृश्य वर्गाचा मोठा कैवारी गेला. हा क्रम बोलका आहे. आंबेडकर भावनेच्या भरात विशेषणे उधळणारे लेखक नव्हते. त्यांनी खासगी आणि सार्वजनिक अशी दोन्ही नुकसाने वेगवेगळी मोजली आणि एकाला दुसऱ्यात विरघळू दिले नाही. सार्वजनिक थोरवी सांगताना खासगी उपकार लपवणे ही श्रद्धांजलीच्या भाषणांतली नेहमीची खोड आहे. ‘मला त्यांनी मदत केली’ हे सांगायला मोठ्या झालेल्या माणसाला संकोच वाटतो.

शाहूंच्याच मृत्यूशी जोडलेली उलट दिशेची एक कथा कोल्हापुरात सांगितली जाते. चित्रकार आबालाल रहिमान यांना शाहूंचा आश्रय होता. रानात, तळ्याकाठी एकट्याने चित्रे काढत राहणाऱ्या या मनस्वी कलावंताला महाराजांनी त्याच्या कलाने जगू दिले. महाराज गेल्यावर आबालालांनी आपली कितीतरी चित्रे कोटितीर्थ तलावात बुडवली, असे म्हणतात. कथा जशीच्या तशी खरी असो वा नसो, तिच्यातला शोक ओळखीचा आहे. ज्याच्यासाठी काढले तोच राहिला नाही, तर चित्रे कशाला? हा शोक खोटा नाही, पण तो मित्राने दिलेलेच नष्ट करतो. संत ऑगस्टीनने आपल्या ‘कन्फेशन्स’च्या चौथ्या भागात तरुणपणी गेलेल्या मित्राच्या दुःखाचे असेच वर्णन केले आहे. गावातली प्रत्येक ओळखीची जागा त्याला असह्य झाली आणि तो गाव सोडून कार्थेजला गेला. मागे वळून पाहताना तो स्वतःवर कठोर होतो: मरणार असलेल्यावर आपण तो मरणारच नाही असे समजून प्रेम केले, असे त्याला वाटते. गंमत अशी की त्या मित्राचे नाव ऑगस्टीनने कुठेही दिलेले नाही. दुःख पानभर भरून आले आणि माणूस बिननावाचा राहिला.

बौद्ध परंपरेने याच पेचाचे वेगळे उत्तर दिले. बुद्धाचा शिष्य सारिपुत्त नालक गावी वारला तेव्हा चुंद नावाचा श्रामणेर त्याचे पात्र आणि चीवर घेऊन आनंदाकडे आला. आनंद खचला, सारिपुत्त त्याला धीर देणारा, शिकवणारा सोबती होता. संयुत्त निकायात येते की बुद्धाने आनंदाला विचारले: जाताना सारिपुत्त तुझे शील घेऊन गेला काय, तुझी समाधी, तुझी प्रज्ञा घेऊन गेला काय? आनंद म्हणाला, नाही. पण तो माझा आधार होता. प्रश्नाचे तर्कशास्त्र कणखर आहे. मित्राने दिलेले घेणाऱ्यात रुजले असेल तर त्याच्या मृत्यूने ते परत जात नाही. तरीही आनंदाचे उत्तर सूत्राने गाळलेले नाही, आणि त्यामुळे ते सूत्र प्रवचनापेक्षा मोठे झाले आहे. अंगुत्तर निकायात जगात दुर्मीळ अशी दोन माणसे सांगितली आहेत: आपण होऊन आधी उपकार करणारा, आणि केलेला उपकार जाणून तो बोलून दाखवणारा. दुसऱ्याला पहिल्याच्या बरोबरीने बसवले आहे हे विशेष. उपकार जाणणे एवढे तिथे पुरत नाही. बोलून दाखवणेही त्यात आहे.

जर्मन तत्त्वज्ञ कांट याने १७९७ च्या ‘नीतीची मीमांसा’ या अर्थाच्या ग्रंथात कृतज्ञतेला पवित्र कर्तव्य म्हटले, आणि त्याचे कारण पूर्णपणे तार्किक दिले. उपकाराची फेड कितीही केली तरी एक गोष्ट कधीच परत करता येत नाही: उपकार करणाऱ्याने आधी केले. पहिल्याचा पहिलेपणा दुसऱ्याला मिळूच शकत नाही. म्हणजे फेड अशक्य आहे ती मित्र मेल्यामुळे नव्हे. तो जिवंत असता तरी ती अशक्यच होती. मृत्यूने फक्त हा भ्रम दूर केला, की एक ना एक दिवस आपण बरोबरी करू. इस्लाममध्ये मृताच्या नावाने सदका देण्याची आणि त्याच्यासाठी दुआ मागण्याची रीत आहे. पाणपोई किंवा विहीर यांसारख्या चालू राहणाऱ्या दानाचे पुण्य मेल्यानंतरही थांबत नाही असे तिथे मानतात. फेडीची भाषा तिथेही मागे पडते आणि उपकार पुढे चालता ठेवण्याची भाषा येते.

मराठी परंपरेपुरते बोलायचे तर या विषयातला सर्वात मोठा साक्षीदार नामदेव आहे. ज्ञानदेवांनी १२९६ मध्ये आळंदीला समाधी घेतली तेव्हा नामदेव सव्वीस वर्षांचे होते, आणि त्यानंतर ते आणखी ५४ वर्षे जगले. संतमेळ्यात नामदेवांचे मडके कच्चे ठरले ही कथा प्रसिद्ध आहे. त्या अपमानानंतर विसोबा खेचरांकडे जाऊन ते घडले आणि ज्ञानदेवांच्या तीर्थयात्रेचे सोबती झाले, अशी परंपरा आहे. नामदेव गाथेतली आदी, तीर्थावळी आणि समाधी ही प्रकरणे म्हणजे ज्ञानदेवांविषयीचे पहिले चरित्रपर लेखन. त्यात तत्त्वज्ञानाचा सारांश नाही. कोण कुठे बसले, कोण रडले, निवृत्तिनाथांची अवस्था काय झाली, असा जवळून पाहिलेला तपशील आहे. तो सगळा इतिहास म्हणून घ्यावा की नाही, यावर अभ्यासकांत मतभेद आहेत. पण ज्ञानदेव कसे होते हे मराठी माणसाच्या मनात ठसले ते ज्ञानेश्वरीइतकेच या अभंगांमुळे, याबद्दल शंका घेण्याचे कारण नाही.

नामदेवांची दुसरी कथा याहून कठीण आहे. मंगळवेढ्याच्या गावकुसाचे काम चालू असताना भिंत कोसळून चोखामेळा आणि इतर मजूर गाडले गेले. परंपरेने हे साल १३३८ दिले आहे. नामदेव तिथे गेले, ढिगाऱ्यातल्या हाडांना कान लावून ज्यांतून विठ्ठलाचे नाव ऐकू आले ती चोखोबांची म्हणून ओळखली, आणि ती आणून पंढरपूरला महाद्वारासमोर पुरली. आजही नामदेव पायरीसमोर चोखोबांची समाधी आहे. चमत्कार बाजूला काढला तरी कथेचे हाड शिल्लक राहते: सामूहिक मरणात एका मजुराला वेगळे ओळखायला कोणीतरी गेले. जिवंतपणी ज्याला महाद्वाराच्या आत येऊ दिले नाही, त्याला मित्राने निदान दारापर्यंत आणले. आत नेणे नामदेवांच्याही हाती नव्हते, आणि कथा तसा दावा करत नाही. मैत्री समाजाची व्यवस्था बदलू शकत नाही तेव्हा तिची मर्यादा कुठे पडते, हे त्या समाधीच्या जागेवरून कळते. गंगाराम आणि शाहू यांच्यात जे उलट दिशेने घडले, त्याची ही सहाशे वर्षांपूर्वीची बाजू.

आजच्या शिवाजी पेठेत मित्राच्या आठवणीची साधने बदलली आहेत. चौकात डिजिटल फलक लागतो, त्यावर गॉगल लावलेला फोटो, जन्म-मृत्यूच्या तारखा आणि खाली पन्नास नावांची यादी. स्मृतिचषकाचे सामने होतात, रक्तदान शिबिर होते, वह्यांचे वाटप होते. रक्षा पाण्यात न सोडता शेतात किंवा झाडाच्या खड्ड्यात टाकणारी कुटुंबेही आता दिसतात, आणि नदीची अवस्था पाहता ते योग्यच आहे. यातला फलक सर्वात दुबळा. त्यावर चेहरा असतो, भावपूर्ण श्रद्धांजली असते, पण या माणसाने कोणासाठी काय केले ते एका ओळीतही नसते. रक्तदान शिबिर त्या मानाने शतपथाच्या चौथ्या ऋणाजवळ जाते. रक्त कोणाला मिळेल हे देणाऱ्याला माहीत नसते. शोकसभा मात्र वेगळी. तालमीत किंवा एखाद्या सभागृहात जमलेल्यांपैकी एखादा उठून, बोलण्याची सवय नसताना, पुराच्या वर्षी किंवा धंदा बुडाला तेव्हा याने माझ्यासाठी अमुक केले असे सांगतो, आणि मृताच्या बायकोला ती गोष्ट पहिल्यांदाच कळते. नवऱ्याने घरातून गेलेल्या पैशाचा हिशेब तिला कधी दिलेला नसतो. तिला त्या क्षणी काय वाटत असेल हे सांगता येत नाही, पण असे सांगितले गेले नसते तर तो माणूस जसा होता त्यातला एक तुकडा कायमचा हरवला असता. मृताला यातून काही पोचते का, हा प्रश्न आस्तिक आणि नास्तिक आपापल्या परीने सोडवू शकतात; साक्षीची गरज दोघांनाही सारखीच आहे.

एक अडचण राहते. पुष्कळदा मित्राने मदत करताना ‘कुणाला सांगू नकोस’ असे बजावलेले असते. त्याच्या मागे ते उघड करावे का? यात दोन गुपिते मिसळलेली असतात. एक मदत करणाऱ्याचे, की त्याला मोठेपणा नको होता. दुसरे घेणाऱ्याचे, की त्याची लाज झाकायची होती. घेणाऱ्याची लाज ही घेणाऱ्याचीच असल्यामुळे ती उघड करण्याचा अधिकार त्याच्याकडे आहे, आणि स्वतःकडे कमीपणा घेऊन बोलणे हीच इथे कृतज्ञतेची खरी किंमत ठरते. करणाऱ्याच्या संकोचाचा मान मात्र तो गेल्यावरही ठेवायला हवा असे वाटणाऱ्यांची बाजू पूर्ण चुकीची नाही. ते निदान त्याच्या घरच्यांना, बंद दाराआड, सांगू शकतात. हातउसने घेतलेले पैसे असतील तर प्रश्न अधिक सरळ आहे. कागद नसला तरी ते वारसांचे आहेत, आणि उपकाराची रक्कम म्हणून ते परस्पर देवळाला किंवा मंडळाला देऊन टाकणे हे नारदस्मृतीतल्या क्रमालाही धरून नाही. पैसे घरी नेऊन देताना ते कशासाठी घेतले होते हेही सांगावे लागते. नाहीतर घरच्यांच्या हाती रक्कम पोचते, हकीकत पोचत नाही.